राहत्या घराचा हक्क

नवऱ्याने मारलं म्हणून बाई पोलीस चौकीत गेली, तर ‘घरचा मामला आहे, आपसात मिटवा’ एवढं ऐकून ती परत यायची. फार तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली जायची. १९८३ पर्यंत नवऱ्याकडून होणाऱ्या छळासाठी आपल्या फौजदारी कायद्यात वेगळं कलमच नव्हतं.

ते कलम आणलं रस्त्यावर उतरलेल्या बायकांनी. मथुरा बलात्कार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडल्यानंतर मुंबईत बलात्काराविरुद्ध मंच उभा राहिला. घरात मार खाणाऱ्या बायकाही मदत मागत तिथे येऊ लागल्या. मंचाचं काम विस्तारलं आणि नावही ‘नारी अत्याचार विरोधी मंच’ झालं. दिल्लीत हुंड्यापायी मुली गमावलेल्या आया मोर्च्यांत पुढे होत्या. पुण्यात १९८२ मध्ये मंजुश्री सारडा यांच्या मृत्यूने शहर हादरलं. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच स्थापन केला आणि ‘मी एक मंजुश्री’ हे पोस्टर प्रदर्शन लोकांपुढे नेलं. पुढच्याच वर्षी कलम ४९८ अ आलं. शारीरिक छळाबरोबर मानसिक छळही गुन्हा ठरला, शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

आता खरी अडचण कळू लागली. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या यंत्रणेतच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात, पण खाकीबाहेरच्या सामाजिक कार्यकर्तीसमोर बसून बाई बोलू लागली. अशा टेबलांवर एकच मागणी पुन्हा पुन्हा ऐकू यायची : त्याला आत टाकू नका, पण मार थांबवा, पोरांच्या खर्चाचं बघा आणि मला घरातून काढू देऊ नका. तक्रार केली की त्याच रात्री पिशवीसकट उंबऱ्याबाहेर, आणि माहेरचं दार उघडेलच याची खात्री नाही. तुरुंगाच्या कलमात या बाईला रात्री डोकं टेकायला जागा मिळत नव्हती. चळवळीने हे ऐकून घेतलं आणि आपली मागणी बदलली, हे मला तिचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

इंदिरा जयसिंग यांच्या लॉयर्स कलेक्टिव्हने नव्वदच्या दशकात घरगुती हिंसेविरुद्ध दिवाणी स्वरूपाच्या कायद्याचा मसुदा तयार केला. सरकारने २००२ मध्ये लोकसभेत मांडलेलं विधेयक मात्र भलतंच निघालं. त्यात मारहाण वारंवार, सवयीने होत असेल तरच ती हिंसा. शिवाय स्वतःच्या किंवा मालमत्तेच्या रक्षणासाठी हात उचलला, असं म्हणण्याची पुरुषाला मुभा. म्हणजे पहिली थप्पड माफच! देशभरच्या संघटनांनी ते विधेयक हाणून पाडलं, संसदीय समितीपुढे म्हणणं मांडलं, आणि २००५ मध्ये कायदा झाला तो बऱ्याच अंशी लॉयर्स कलेक्टिव्हच्या मसुद्याच्या वळणाचा. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे.

शिवीगाळ, लैंगिक जबरदस्ती, पगार काढून घेणं, स्त्रीधन अडकवून ठेवणं, हे सगळं त्यात हिंसा म्हणून येतं. लग्नाच्या बायकोपुरता तो नाही. आई, बहीण, लग्नाविना सोबत राहणारी स्त्री, सगळ्यांना दाद मागता येते. त्याचा गाभा कलम १७ मध्ये आहे. घर कोणाच्याही नावावर असो, बाईला त्यात राहण्याचा हक्क आहे. गरज पडली तर न्यायाधीश पुरुषालाच घराबाहेर राहायला सांगू शकतात.

या गाभ्यालाच सर्वोच्च न्यायालयाने कायदा लागू झाल्यावर दोन महिन्यांच्या आत, बत्रा खटल्यात, कात्री लावली : सासूच्या मालकीच्या घरावर सुनेला हक्क सांगता येणार नाही. आपल्याकडे घर बहुतेक सासूसासऱ्यांच्याच नावावर, तेव्हा किती जणींची वाट बंद झाली असेल! ऑक्टोबर २०२० मध्ये आहुजा खटल्यात न्यायालयाने तो निर्णय चुकीचा ठरवला. चौदा वर्षं गेली.

हिंसा संपलेली नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २९.३ टक्के विवाहित स्त्रियांनी, तर महाराष्ट्रातल्या २५.२ टक्के स्त्रियांनी नवऱ्याचा हिंसाचार सांगितला. कायद्यानुसार पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांत व्हायला हवी आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हायला हवा. प्रत्यक्षात खटले वर्षानुवर्षं रेंगाळतात. बाईची हकिगत नोंदवून न्यायालयापर्यंत पोहोचवणारा संरक्षण अधिकारी अनेक ठिकाणी दुसऱ्याच कामाचा पदभार सांभाळत हेही काम बघतो. पूर्णवेळ अधिकारी, त्याला कर्मचारी आणि प्रवासखर्च द्या, ही संघटनांची मागणी कायद्याइतकीच जुनी आहे, आणि ती अजून पुरी झालेली नाही.