परदेशच्या बॅगेतील औषधाची पुडी

मुलगा दुबईस नोकरीला लागला, सून तेथेच बाळंत झाली आणि नातवाच्या बाप्तिस्म्यासाठी आईवडिलांना बोलावणे आले, की घरात बॅगा भरण्याची एकच धांदल उडते. लोणचे, पापड, सुके बांगडे सारे नीट बांधले जाते. औषधे मात्र सर्वांत शेवटी, उरलेल्या कोपऱ्यात कोंबली जातात. वाचकहो, अडचण उद्भवते ती बहुधा त्याच कोपऱ्यात.

कंबरदुखीवर आपल्याकडे डॉक्टर पुष्कळदा ट्रॅमाडॉल नावाची गोळी देतात; झोप न येणाऱ्यास अल्प्राझोलाम, तर कोरड्या खोकल्यावर कोडीन असलेले पातळ औषध. घेणारा त्यांस ‘दुखण्याची गोळी’ किंवा ‘खोकल्याची बाटली’ एवढ्याच नावाने ओळखतो. परंतु संयुक्त अरब अमिरातीत ही औषधे नियंत्रित द्रव्यांत मोडतात आणि तेथील सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून ती नेणाऱ्यावर खटला होऊ शकतो.

अमली द्रव्यांविषयी १९६१ साली आणि मनावर परिणाम करणाऱ्या औषधांविषयी १९७१ साली राष्ट्राराष्ट्रांत करार झाले. तथापि प्रत्येक देश आपली यादी त्याहून कडक करू शकतो. आपल्याकडेही १९८५ चा कायदा आहेच, व २०१८ साली ट्रॅमाडॉल त्याच्या कक्षेत आले. यास्तव ‘आमच्या गावच्या दुकानात मिळते’ हे उत्तर परक्या विमानतळावर चालत नाही. २०१७ साली एक ब्रिटिश स्त्री आपल्या जोडीदाराच्या पाठदुखीसाठी ट्रॅमाडॉलच्या २९० गोळ्या घेऊन इजिप्तमध्ये उतरली. तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. पुढे २०१९ च्या जानेवारीत तिची सुटका झाली.

मग करावे काय? तिकीट काढताच औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी व छापील किंवा सुवाच्य चिठ्ठी मागून घ्यावी. तीत कंपनीने ठेवलेल्या नावाबरोबर औषधाचे मूळ नाव, मात्रा, दिवसाच्या गोळ्या व आजार ही इंग्रजीत असावीत. रोग्याचे नाव पासपोर्टावरच्यासारखेच हवे. आपल्या घरांत ही चूक फार होते! पासपोर्टावर बाप्तिस्म्याचे लांबलचक नाव, आणि चिठ्ठीवर वाड्यावरचे लाडके नाव. परदेशातील अधिकाऱ्याने ही दोन माणसे एकच कशी मानावीत?

औषध नियंत्रित असेल, तर चिठ्ठी, वैद्यकीय अहवाल व पासपोर्टाची प्रत जोडून अमिरातीच्या सरकारकडे निघण्यापूर्वीच संगणकावरून अर्ज करावा लागतो. तिकडे असलेल्या मुलाने हे काम अंगावर घेतल्यास उत्तम. वाटेत दुसऱ्या देशात विमान बदलावयाचे असल्यास तेथील नियमही पाहावा. निरनिराळ्या देशांचे नियम आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर आढळतात.

औषधवाला कात्रीने कापून चार गोळ्या देतो, तेव्हा नाव व मुदत बहुधा दुसऱ्या तुकड्यावर राहते. प्रवासासाठी पूर्ण पट्टी मूळ वेष्टनासह घ्यावी, आणि मुक्कामास पुरेल एवढीच. रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या एकाच डबीत ओतू नयेत. इन्सुलिन तर हातातील पिशवीतच असावे; विमानाच्या पोटातील थंडीने गोठल्यास ते निकामी होते.

आणखी एक गोष्ट सांगणे अवघड, तरी सांगितलीच पाहिजे. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी शेजारीण शिवलेली पुडी घेऊन येते : ‘माझ्या मुलाला एवढे द्या हो.’ आपल्या गावात ‘नाही’ म्हणणे जिवावर येते. पण विमानतळावर पुडी ज्याच्या बॅगेत, जाब त्याला. तेव्हा ती तिच्यासमोरच उघडावी. आत औषध असेल आणि मुलाच्या नावाची चिठ्ठी असली, तरीही ते परत करावे. त्याने तेथील डॉक्टरांकडून घ्यावे. मसाला निघाला, तर त्यात खसखस आहे काय, हे विचारावे. अमिरातीत आणि सौदी अरेबियात खसखशीस बंदी आहे.