एलीयाला आधी भाकर मिळाली

गुजरातेतल्या चलथाण-कडोदरा पट्ट्यातल्या मिलमधून रात्रपाळी करून आलेला माणूस खोलीवर नुसता बसून राहतो. जेवण नको, बोलणं नको, रविवारी प्रार्थनेलाही येत नाही. उधना-जळगाव लाइनीने खानदेशातून इथं आलेल्यांच्या मंडळीत मग कुजबुज सुरू होते, ‘विश्वास कमी पडला.’

पवित्र शास्त्र तसं म्हणत नाही. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १९व्या अध्यायातला एलीया कर्मेल डोंगरावरच्या मोठ्या विजयानंतर लगेच खचला, रानात झुडपाखाली बसून त्याने मरण मागितलं. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. ‘इथं काय करतोस?’ हा प्रश्न पुढे होरेब डोंगरावर आला. आपल्याकडे क्रम उलटा असतो: आधी प्रश्न, मग वचनं, आणि डबा कोणाच्याच लक्षात राहत नाही.

शास्त्रातल्याच, दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले. तेवढंच त्यांनी बरं केलं; तोंड उघडलं आणि बिघडवलं.

औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास, हा दुसरा गैरसमज. लखनऊचं ‘नूर मंझिल’ मनोरुग्णालय १९५० साली स्टॅन्ली जोन्स या मिशनऱ्यानेच सुरू केलं, आणि भारतातल्या सुरुवातीच्या वर्षांत तो स्वतः मानसिकदृष्ट्या कोसळला होता. दोन-चार दिवसांची उदासी आपोआप ओसरते. पण दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ मन बसलेलं असेल, कशातच गोडी नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर डॉक्टर हवा. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. त्यांची दारूसारखी चटक लागत नाही, मात्र त्या मनाने एकदम बंद करू नयेत. ‘आता प्रार्थना केली, गोळ्या टाकून दे’ असं म्हणणारा, मग तो पाळक का असेना, आजाऱ्याला धोक्यात घालतो.

‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं विचारलं तर ते डोक्यात शिरेल, अशी भीती असते. तसं होत नाही. उलट बोलायला वाट मिळते. पोलिसांच्या धास्तीने लपवू नये: २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार जीव देण्याचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असंच मानलं जातं, त्याच्यावर खटला भरत नाहीत. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, विषारी औषधं, दोर नजरेआड करा आणि तिथूनच १४४१६ हा ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य मदतसेवेचा मोफत क्रमांक लावा. मराठीत बोलता येतं, गुजरातीतही.