मोबाईलला ‘सॉफ्टवेअर मारण्या’आधी

मैत्रिणींनो, मोबाईल कंपनीच्या नावावरच अडकला की दुकानदार म्हणतो, “ताई, सॉफ्टवेअर मारावं लागेल.” म्हणजे नेमकं काय?

मोबाईलच्या आतली जागा घरासारखी खोल्यांत वाटलेली असते. या खोल्यांना पार्टिशन म्हणतात. एकीत अँड्रॉइड, एकीत आपले फोटो आणि गटाच्या नोंदी. मीडियाटेक चिपच्या मोबाईलसाठी दुकानदार कॉम्प्युटरवर ‘स्कॅटर फाईल’ उघडतो. हा त्या घराचा नकाशा. कोणती खोली कुठे सुरू होते, केवढी आहे, हे त्यात लिहिलेलं असतं. त्याप्रमाणे सॉफ्टवेअर भरलं जातं. नकाशा भलत्याच मॉडेलचा निघाला, तर मोबाईल पार बंद पडू शकतो.

‘एनव्हीरॅम’ नावाच्या छोट्या खोलीत १५ अंकी आयएमईआय नंबराची नोंद असते. सगळंच फॉरमॅट केलं तर तीही पुसली जाते. मग नेटवर्क मिळत नाही, फोन लागत नाही.

म्हणून दुरुस्तीला देताना:

• सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या.
• बॉक्सवरचा आयएमईआय वहीत लिहा. मोबाईल परत घेताना *#०६# दाबून तोच आहे ना, बघा.
• “सगळं फॉरमॅट न करता होईल का? फोटो राहतील का?” हे आधीच विचारा.
• जीमेलचा पासवर्ड लक्षात ठेवा, नंतर मोबाईल तो मागू शकतो.
• यूपीआय पिन कुणालाही सांगू नका.

आणि मोबाईल चालू आहे तोवरच गटाचा हिशोब वहीत उतरवून ठेवा. पुसलेलं परत मिळेलच असं नाही.