सरपणाचा खरा भाव

कर्जतहून खोपोलीला जाणारी गाडी पळसदरीच्या लहानशा स्थानकावर क्षणभर थांबते. १८५६ सालीं हा लोहमार्ग खोपोलीपर्यंत पोंचला आणि येथील रान मुंबईच्या बाजाराला जवळचें झालें. रानांत लांकूड आपोआप वाढतें; मग बाजारांत येईपर्यंत तें महाग कां होतें?

पहिलें कारण पाण्याचें. नुकत्याच तोडलेल्या लांकडाच्या वजनांत निम्म्याच्या आसपास पाणीच असतें. २० किलोंची ओली मोळी घेऊन डोंगर उतरणारी बाई सुमारें १० किलो पाणीच वाहत असते. आणि तें पाणी उडवून देण्यांत चुलींतील उष्णता खर्च होते ती निराळीच. लांकूड रानांतच वाळवावें हें खरें. परंतु वाळण्यास महिने लागतात, आणि जिचें पोट आजच्या विक्रीवर आहे तिनें थांबावें कसें?

दुसरें कारण अंतराचें. लांकूड जागा फार अडवतें आणि उष्णता त्या मानानें थोडी देतें. एक किलो लोणारी कोळशांत वाळलेल्या लांकडाच्या जवळजवळ दुप्पट उष्णता असते. म्हणून दूरच्या बाजारासाठीं कोळसा पाडीत. परंतु मातीनें लिंपलेल्या जुन्या भट्टींत एक किलो कोळशास सुमारें ५ किलो लांकूड लागे. म्हणजे निम्म्याहून अधिक उष्णता भट्टीवरच नाहींशी होई. भाडें वांचे, रान मात्र जळे.

तिसरा खर्च गिऱ्हाइकाच्या हिशेबांत कधींच येत नसे. कातकरी कुटुंबें पावसाळ्यांत, हाताला काम नसतांना, उचल घेत आणि पुढें सारा हंगाम भट्टीवर राबून ती फेडीत. १९७६ च्या कायद्यानें वेठबिगारी रद्द केली. शहरांतील कोळशाच्या स्वस्ताईंत या कुटुंबांच्या बुडालेल्या मजुरीचा वांटा होता.

२०२१ सालीं केंद्र सरकारनें औष्णिक वीजकेंद्रांत दगडी कोळशाबरोबर ५ टक्के जैव इंधन, मुख्यतः शेतांतील काडीकचरा दाबून केलेल्या गोळ्या, जाळण्याचें धोरण आखलें. साधन नवें, हिशेब जुनाच: गोळा करणें, वाळवणें, दाबणें आणि वाहणें. इंधन जवळचें असावें, कोरडें असावें, आणि गोळा करणाऱ्याची मजुरी त्याच्या भावांत आधीं धरलेली असावी. एवढें झालें, तरच त्याला स्वस्त म्हणावें.