खड्ड्यावरची घरे

मध्ययुगीन इंग्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, सरदार आणि उंच शिखरांची मंदिरे उभी राहतात. परंतु ज्यांच्या श्रमावर हे सारे उभे होते, तो शेतकरी राहत होता कसा? लाकूड कुजते, गवत जळते. दगडी किल्ल्याप्रमाणे त्याचे घर मागे उरत नाही. असे घर पुन्हा बांधून पाहण्याचा एक उद्योग इंग्लंडच्या सफोक परगण्यात, लार्क नदीच्या काठी वेस्ट स्टो येथे चालला आहे. त्याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

येथे पाचव्या ते सातव्या शतकांत अँग्लो-सॅक्सन लोकांचे एक लहानसे खेडे होते. पुढे 1300च्या सुमारास वाऱ्याने वाहून आलेली वाळू या जागेवर पसरली आणि तिच्याखाली जुन्या वस्तीच्या खुणा सुरक्षित राहिल्या. स्टॅन्ली वेस्ट यांनी 1965 ते 1972 या काळात येथे उत्खनन केले. त्यांना सुमारे 70 आयताकृती खड्डे आणि काही मोठ्या घरांच्या खांबांच्या खुणा सापडल्या. वाळूत खांब कुजला, तरी त्याच्या जागी मातीचा रंग पालटलेला दिसतो. घराचा पुरावा म्हणायचा तो एवढाच!

असे खड्डे पूर्वीही सापडले होते. 1921 पासून सटन कोर्टनी येथे खोदकाम करणाऱ्या लीड्स नावाच्या विद्वानाला त्यांत हाडे, खापरे, राख असा केर दिसला. तेव्हा हे लोक खड्ड्यात, उष्ट्या हाडांच्या संगतीत राहत असत, असा निष्कर्ष निघाला. एका समाजावर गलिच्छपणाचा शिक्का बसला, आणि तो बरीच वर्षे पुसला गेला नाही.

वेस्ट यांना मात्र शंका आली. माणसे रोज वावरत असती, तर खड्ड्याचा तळ तुडवला गेला असता आणि कडा ढासळल्या असत्या. येथे तशी झीज नव्हती. काही ठिकाणी चुलीची माती वरून खाली खचलेली दिसली. जळालेल्या झोपड्यांत फळ्यांचे कोळसे मिळाले. म्हणजे खड्ड्यावर फळ्यांची जमीन असावी, आणि केर हा घर सोडल्यानंतर त्या रिकाम्या खड्ड्यात टाकलेला असावा!

हा तर्क कागदावर न ठेवता तो बांधून पाहावा, असे ठरले. 1974 मध्ये केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी त्या काळच्या अवजारांच्या धर्तीवरील कुऱ्हाडी व पाचरी घेऊन ओक फोडला, गवताने छप्पर शाकारले. पुढे एक घर मुद्दाम जुन्या समजुतीप्रमाणे, खड्ड्याच्या तळाशी राहण्याजोगे बांधले. दोन्ही पाहिल्यावर प्रेक्षकाला वादाचा मुद्दा व्याख्यानावाचून कळतो. (व्याख्यात्यांनी यावर रागावू नये.) सर्वच गावी असेच होते, असे मात्र नव्हे. हा वाद सर्वस्वी मिटलेला नाही, आणि फळ्यांखालची पोकळी कशासाठी होती, हवेसाठी की साठवणीसाठी, याविषयीही मतभेद आहेत.

काही विशेष दिवशी त्या काळचा पोशाख केलेली माणसे येथे सूत काततात, माग चालवतात. मुलांना याचेच आकर्षण अधिक, आणि त्यात गैर काही नाही. पण जमिनीच्या वरचा सारा भाग, म्हणजे भिंतीची उंची, दार, छपराचा उतार, हा अनुमानाचा आहे, हे पाहणाऱ्याने विसरू नये.

बांधलेले घर जुने होऊ लागले, की ते आणखी एक गोष्ट शिकवते. जमिनीत पुरलेला खांब किती वर्षांत कुजतो, हे आता डोळ्यांनी पाहता येते. एकाच वेळी सत्तर झोपड्या उभ्या नव्हत्या. दोन शतकांहून अधिक काळात एक पडली, दुसरी उभारली, असा तो क्रम होता. झोपडीचे आयुष्य जितके कमी धरावे, तितके गाव लहान ठरते. वेस्ट यांच्या अंदाजाने तेथे एका वेळी तीन-चार कुटुंबेच नांदत असावीत.