साखरेविना मफिन आणि माहितीची किंमत

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात दिवस सूर्योदयाने नव्हे, तर पाळीच्या वेळेने सुरू होतो. पहिल्या पाळीची बस गाठणाऱ्या कामगाराची न्याहारी म्हणजे बहुधा चहा आणि त्याबरोबर खारी, बिस्किट किंवा पाव. मुलांच्या डब्यातही पुष्कळदा तेच जाते. या न्याहारीला नावे ठेवणे सोपे आहे. परंतु तिच्यामागे आळस नसून रोकडा हिशेब आहे. मैदा, साखर आणि वनस्पती तूप हे तिन्ही जिन्नस स्वस्त, टिकाऊ आणि वाहतुकीस सोयीचे आहेत. आणि कामगाराच्या घरात पहाटे सर्वांत दुर्मीळ वस्तू कोणती असेल, तर ती वेळ.

अशा घरात ज्या मुलाला गहू, दूध किंवा अंडे सोसत नाही, त्याच्या आईपुढे रोज सकाळी एक अवघड प्रश्न उभा राहतो. घरात मधुमेही वडीलधारे असतील, तर तो प्रश्न दुहेरी होतो. नाचणी, तांदूळ आणि पिकलेली केळी यांपासून केलेला, वरून साखर न घातलेला मफिन हे त्यावरचे एक साधे उत्तर आहे. तथापि असा पदार्थ म्हणजे सुखवस्तूंचा षोक, असा समज रूढ झाला आहे. तो कितपत खरा आहे, हे तपासून पाहावयास हवे.

वस्तुतः ही कल्पना मराठी स्वयंपाकघराला परकी नाही. कोकणातील सांदण म्हणजे तांदळाचा रवा आणि फणसाचा रस यांचा वाफवलेला फळांचा केकच होय. त्यात ना गहू, ना अंडे. मफिनची कृतीही तशीच सुलभ आहे. नाचणीचे पीठ दीड वाटी, तांदळाचे अर्धी वाटी, कुसकरलेली चार पिकली केळी, पाव वाटी तेल, पाण्यात भिजवलेली दोन चमचे जवसाची पूड, अर्धा चमचा खाण्याचा सोडा आणि एका लिंबाचा रस, एवढे साहित्य आठ-नऊ मफिनना पुरते. मिश्रण १८० अंश सेल्सिअसला सुमारे पंचवीस मिनिटे भाजावे. ओव्हन नसल्यास आप्पेपात्रात झाकण ठेवून मंद आचेवर काम भागते. साखर केवळ गोडी देत नाही, ओलावाही धरून ठेवते. ते काम येथे केळे करते. अंड्याची बांधणी जवस देते, तर सोडा व लिंबू मिळून पीठ फुगवतात. शिवाय शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मैद्यात त्याच्या पासंगालाही पुरेल एवढे नसते. यातील कोणतीही वस्तू मंडईत वा वाण्याकडे न मिळणारी नाही. मग अडचण कोठे आहे?

दोन निराळी वचने

अडचण अशी की हा मफिन घराबाहेर विकावयास आला की तो ग्राहकाला दोन वचने देतो आणि त्या दोहोंचे स्वरूप सर्वस्वी भिन्न असते. साखरेचा प्रश्न प्रमाणाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये शिफारस केली, की वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचे रस यांतून मिळणारी ऊर्जा एकूण आहाराच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, आणि पाच टक्क्यांखाली आणता आली तर अधिक बरे. दोन हजार कॅलरींच्या आहारात ही पाच टक्क्यांची मर्यादा पंचवीस ग्रॅमची होते. दोन-दोन चमचे साखरेचे तीन कप चहा घेतले की ती संपली! अख्ख्या फळातील साखर या हिशेबात धरलेली नाही. गूळ आणि मध यांना मात्र सूट नाही. म्हणून साखरेऐवजी गूळ घालून ‘साखरविरहित’ म्हणणे ही शब्दांची हातचलाखी ठरते. खजुराच्या लगद्याचेही तसेच. साखरेच्या जागी सुक्या फळांचा लगदा वापरला असेल, तर ‘साखर घातलेली नाही’ असा दावा करण्यास २०१८ च्या केंद्रीय नियमांनी मनाई केली आहे. ‘साखर घातलेली नाही’ म्हणजे ‘साखर नाही’ असेही नव्हे. एका मध्यम केळ्यात सुमारे बारा ते चौदा ग्रॅम साखर असतेच, आणि मधुमेही माणसाने ती मोजलीच पाहिजे.

ॲलर्जीचा प्रश्न मात्र प्रमाणाचा नसून अस्तित्वाचा आहे. शरीराची संरक्षक यंत्रणा एखाद्या प्रथिनाला शत्रू समजते, आणि काहींच्या बाबतीत त्याचा अंशही प्राणावर बेततो. २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार वेष्टनबंद अन्नावर ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे व कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि ठरावीक मर्यादेवरील सल्फाइट यांचा उल्लेख बंधनकारक आहे. परंतु बेकरीच्या काचेच्या कपाटातील सुट्या मालाला असे वेष्टनच नसते. कामगार वस्तीची न्याहारी बव्हंशी त्याच कपाटातून येते.

खरी मेख तर त्याही आधी, पिठाच्या गिरणीत आहे. गव्हाच्या दळणानंतर त्याच जात्यातून नाचणी काढली, की ती ग्लुटेनमुक्त राहत नाही. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, जिभेलाही कळत नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की विक्रेत्याला ठाऊक असलेला दोष ग्राहकाला कळत नसेल, तर चांगल्या मालाला योग्य भाव मिळत नाही आणि हळूहळू तो बाजारातून हद्दपार होतो. स्वतंत्र गिरण, स्वतंत्र भांडी आणि स्वतंत्र चाळणी ठेवणाऱ्या गृहिणीचा मफिन आणि केवळ चिठ्ठी चिकटवणाऱ्याचा मफिन एकाच भावाने विकले जाऊ लागले, तर पहिली किती दिवस टिकेल? मफिन महाग पडतो तो नाचणी-केळ्यांमुळे नव्हे, विश्वासार्ह माहितीमुळे.

संघटनेचा धडा

महाराष्ट्रात साखर विपुल झाली ती आपोआप नव्हे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि विखुरलेल्या शेतकऱ्यांना एकट्याने न पेलणारे काम संघटनेने साधता येते, हे सिद्ध झाले. तोच धडा न्याहारीलाही लागू पडतो. एकेका गृहिणीला न परवडणारी स्वतंत्र गिरण दहा बचत गटांना मिळून परवडेल. तेही तूर्त न जमल्यास, निदान बेकरीवाल्याने प्रत्येक सुट्या पदार्थासमोर घटकांचा मराठी फलक लावावा. त्यास खर्च जवळजवळ नाही.

कारखान्यांची जबाबदारीही येथे येते. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी उपाहारगृहाची तरतूद केली. २०२० च्या श्रमसंहितेने ही संख्या शंभरावर आणली आणि तीत कंत्राटी कामगारही धरले. उपाहारगृह असावे हे कायद्याने सांगितले. तेथील थाळीत काय आहे हे कामगाराला कळावे, हे व्यवस्थापनांनी आणि कामगार संघटनांनी आपणहून मनावर घेतले पाहिजे. वाटाघाटींत पगाराबरोबर हे कलमही बसू शकते.

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि देशाला स्वतःचे पेनिसिलिन मिळाले. ते टोचण्यापूर्वी ‘पूर्वी कधी त्रास झाला होता का?’ असे विचारण्याची शिस्त वैद्यकाने केव्हाच अंगी बाणवली आहे. ज्या नगरीने देशाला ते औषध दिले, तेथे मुलाच्या हाती खाऊ ठेवण्यापूर्वी हाच प्रश्न विचारला जावा आणि विक्रेत्याला त्याचे खरे उत्तर देता यावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.