आपल्या नावाचा टपालपत्ता

मध्यप्रदेशातील जबलपूर शहराजवळ नर्मदेच्या काठी भेडाघाट वसले आहे. धुवाँधार धबधबा आणि संगमरवरी कडे पाहण्यासाठी येथे देशभरातून प्रवासी येतात. घाटावरील दुकानांत दगडात कोरलेल्या मूर्ती, दिवे आणि शोभेच्या वस्तू विकल्या जातात. एखादा प्रवासी घरी परतल्यावर आणखी चार मूर्ती मागवू इच्छितो. त्याचे पत्र दुकानदाराला कसे मिळेल? यासाठी संकेतस्थळ आणि त्याला जोडलेला ईमेल उपयोगी पडतो. त्याची व्यवस्था कशी ठेवावी, हे या पाठात पाहू.

ईमेलच्या पत्त्याचे दोन भाग असतात. त्यांच्यामध्ये '@' हे चिन्ह असते. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्याने ते प्रथम वापरले. चिन्हाच्या डावीकडे खातेदाराचे नाव असते, तर उजवीकडे टपाल सांभाळणाऱ्या ठिकाणाचे. या दुसऱ्या नावाला 'डोमेन' म्हणतात. ते ठरावीक मुदतीसाठी शुल्क भरून नोंदवावे लागते. २०१४ पासून '.भारत' असे देवनागरी डोमेनही मिळते.

संकेतस्थळ ज्या संगणकावर ठेवलेले असते, त्यावरील जागा एखादी कंपनी भाड्याने देते. ही सेवा म्हणजे 'होस्टिंग'. भाडेकरूला आपला कारभार पाहता यावा म्हणून कंपनी त्याला एक नियंत्रण-पटल देते. १९९६ मध्ये सुरू झालेले 'सी-पॅनेल' हे त्यातील एक प्रसिद्ध नाव.

समजा, भेडाघाटच्या एका दुकानाला विक्री आणि हिशेब यांसाठी स्वतंत्र पत्ते हवे आहेत. पटलावर प्रवेश करून 'ईमेल अकाउंट्स' हा विभाग उघडावा. 'क्रिएट' हे बटण दाबून खात्याचे नाव लिहावे, लांब आणि सहज ओळखता न येणारा परवलीचा शब्द द्यावा व जागेची मर्यादा ठरवावी. ही मर्यादा म्हणजे धान्याच्या कोठाराची क्षमता होय. कोठार भरले की नवे टपाल आत येत नाही, ते पाठवणाऱ्याकडे परत जाते. म्हणून मधूनमधून अनावश्यक पत्रे काढून टाकावीत.

हे खाते मोबाइलवर जोडताना 'आयमॅप' आणि 'पॉप' असे दोन पर्याय दिसतात. 'आयमॅप'मध्ये पत्रे मूळ संगणकावरच राहतात आणि सर्व यंत्रांवर सारखीच दिसतात. 'पॉप'मध्ये ती आपल्या यंत्रावर उतरवून घेतली जातात, आणि बहुधा मूळ जागेवरून पुसली जातात. दुकान दोघे-तिघे मिळून चालवत असतील, तर पहिला पर्याय सोयीचा. 'फॉरवर्डर' या सोयीने आलेल्या पत्राची प्रत दुसऱ्या पत्त्यावर पाठवता येते. 'ऑटोरिस्पॉन्डर' आपल्या गैरहजेरीत आपोआप उत्तर देतो.

आता एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घेऊ. ग्राहकांशी सगळा पत्रव्यवहार एखाद्या नोकराच्या खाजगी पत्त्यावरून होत असेल, तर तो काम सोडून गेल्यावर मागण्या आणि ओळखी त्याच्याबरोबरच जातात. दुकानाच्या डोमेनवरील खाते मात्र दुकानाचेच राहते. अशा वेळी परवलीचा शब्द बदलावा आणि 'फॉरवर्डर'ची यादी तपासावी. घाईने खाते पुसून टाकू नये, कारण त्यासोबत जुनी पत्रेही नाहीशी होतात.

फसवणुकीपासूनही सावध राहावे लागते. आपल्या नावाने कोणीतरी ग्राहकाला लिहितो, "आमचे बँक खाते बदलले आहे, पैसे नव्या खात्यात भरा." कोणता संगणक आपल्या वतीने टपाल पाठवू शकतो, हे 'एसपीएफ' या नोंदीतून जाहीर होते. 'डीकेआयएम' ही पत्रावर उमटवलेली अदृश्य मोहोर होय. पटलावरील 'ईमेल डिलिव्हरेबिलिटी' या विभागात या दोन्ही नोंदी तपासता येतात. तरीही पैशांचा प्रश्न असेल तेव्हा ग्राहकाने दूरध्वनीवरून खात्री करून घ्यावी, असे त्याला आधीच कळवून ठेवणे हिताचे.

डोमेनची मुदत वेळेवर वाढवली नाही, तर टपाल बंद पडते आणि पुढे ते नाव दुसरा कोणीही नोंदवू शकतो. म्हणून मुदतीची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. नियंत्रण-पटलाचा परवलीचा शब्द ही सर्व कुलपांची एकच किल्ली आहे. ती दुकानाच्या मालकाच्याच ताब्यात असावी. मूर्ती घडवणाऱ्याचे नाव दूरवर पोहोचते. त्या नावाने आलेले पत्र सुखरूप पोहोचेल, ही काळजी आपण घ्यायची असते.